६०० फुटांचं वर्तुळ

कॅलिफोर्नियात गांजाचा अर्क घालून गोळ्या, चॉकलेटं किंवा सांधेदुखीवर चोळायचं मलम बनवून विकायचं, तर राज्याचा परवाना लागतो. पण छोट्या उद्योजकाचं नशीब त्याच्या कितीतरी आधी ठरतं, शहराच्या नियोजन खात्यात, एका नकाशापुढे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी साधारण ५७ टक्के मतदारांनी गांजा प्रौढांसाठी कायदेशीर करणाऱ्या ‘प्रपोझिशन ६४’ या प्रस्तावाला कौल दिला आणि १ जानेवारी २०१८पासून प्रौढांसाठीची विक्री कायदेशीर झाली. मात्र हा धंदा आपल्या हद्दीत येऊच न देण्याचा अधिकार शहरांकडे आणि काउंट्यांकडे राहिला. रिव्हरसाइड शहराच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच, वैद्यकीय गांजाच्या काळात, हा अधिकार मान्य केला होता. निम्म्याहून अधिक शहरं-काउंट्यांनी दुकानांना दार बंद ठेवलं आहे. राज्यानं दिलेली मुभा गावाच्या वेशीपाशी अडते ती अशी.

ज्या शहरात दार उघडं आहे, तिथे पहिली गोष्ट मोजली जाते ती अंतर. बालवाडी ते बारावीपर्यंतची शाळा, पाळणाघर किंवा मुलांचं केंद्र यांपासून ६०० फूट, म्हणजे सुमारे १८३ मीटर. शहराला हा आकडा बदलता येतो. मोजणी सरळ रेषेत होते, शाळेच्या भूखंडाच्या हद्दीपासून कारखान्याच्या भूखंडाच्या सर्वांत जवळच्या हद्दीपर्यंत. मध्ये काय उभं आहे, हे पाहिलं जात नाही. दोघांमध्ये आठ पदरी महामार्ग असो वा कालवा, शाळेतून तिथवर चालत जायला वीस मिनिटं लागत असली तरी कागदावर अंतर तेवढंच. गाळा मोठ्या भूखंडाच्या पार मागच्या टोकाला असला, तरी पुढचा कोपरा वर्तुळात आला की जागा बाद. या वर्तुळांतून आणि औद्योगिक पट्ट्यांच्या मर्यादांतून जे उरतं त्याला तिथले दलाल ‘ग्रीन झोन’ म्हणतात. जागा मोजक्या आणि मागणारे अनेक, मग भाडं कुठे जाणार ते सांगायला नको.

आत काय बनतं यावरही बरंच अवलंबून असतं. ब्युटेन किंवा प्रोपेनसारखे ज्वालाग्राही द्रावक वापरून अर्क काढणाऱ्याला ‘टाइप ७’ परवाना लागतो. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो आणि एखाद्या पंप-मोटारीच्या ठिणगीनं भडकतो. लपूनछपून चाललेल्या कारखान्यांत असे स्फोट झालेले आहेत. म्हणून इथे बंदिस्त यंत्रणा, तिच्यासाठी अभियंत्याचा दाखला आणि अग्निशमन अधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची आहे. हा कडकपणा मला पूर्ण पटतो. द्रावक ज्वालाग्राही नसेल तर ‘टाइप ६’, आणि तयार अर्क विकत आणून फक्त पदार्थात मिसळायचा असेल तर ‘टाइप एन’. या शेवटच्या खोलीत दिसतात ती मिठाईच्या कारखान्यातलीच भांडी, साचे, वजनकाटा. एका घासात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम आणि पाकिटात १०० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक), हे काटेकोर सांभाळणं हेच तिथलं खरं कसब. तरीही अनेक ठिकाणी या खोलीलाही सुनावणीच्या त्याच वाटेनं जावं लागतं.

ती वाट म्हणजे सशर्त वापराची परवानगी. आपल्याकडे ज्यानं जमीन एनए (बिगरशेती) करून घेतली आहे, त्याला या फेऱ्यांची कल्पना येईल. फरक इतका की तिथे साधारणपणे जाहीर सुनावणी होते. ३०० फुटांतल्या जमीनमालकांना किमान १० दिवस आधी नोटीस जाते आणि नियोजन आयोगापुढे शेजारी बोलतात. वास येईल, चोऱ्या होतील, गाड्या वाढतील. यातल्या काही शंका रास्त असतात आणि त्यांची उत्तरं अटींमध्ये मिळतात: कोळशाचे फिल्टर, ठरावीक वेळा, पहारेकरी. कॅमेऱ्यांचं चित्रण ९० दिवस जपण्याची सक्ती तर राज्याचीच.

अडचण असते ती मंजुरीपूर्वीच्या काळात. जागा हातात असल्याशिवाय अर्ज करता येत नाही, जागामालकाची लेखी संमतीही लागते. म्हणजे आधी करार, मग अर्ज, मग पर्यावरण कायद्याखालची तपासणी, मग सुनावणी. या सगळ्या काळात रिकाम्या खोलीचं भाडं चालू. संघराज्याच्या कायद्यात गांजा अजून नियंत्रित अमली पदार्थ असल्यामुळे बँकेचं कर्ज मिळणं कठीण. शिवाय सशर्त परवानगी सर्वसाधारणपणे माणसाला नव्हे, जमिनीला चिकटते. भाडेकरूनं पैसे खर्चून मिळवलेली मंजुरी, तो बाहेर पडला तरी मालकाच्या जागेवरच राहते.

मंजुरी मर्जीवर सोडली की काय होतं, हे याच राज्यानं आधी पाहिलं आहे. १८८०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं ठरवलं की लाकडी इमारतीतल्या लाँड्रीला नगरमंडळाची संमती हवी. कारण सांगितलं आगीचं. दोनशे चिनी धोब्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. ऐंशीच्या आसपास बिगरचिनी अर्जदारांपैकी एक वगळता सर्वांना संमती मिळाली. ‘यिक वो विरुद्ध हॉपकिन्स’ खटल्यात १८८६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा भेदभाव घटनाविरोधी ठरवला. गांजाबंदीच्या मुळाशीही असंच काही सापडतं. १९११मध्ये राज्याच्या फार्मसी मंडळाचे हेन्री फिंगर यांनी वॉशिंग्टनला लिहिलेल्या पत्रात भांग-गांजा आणणाऱ्या ‘हिंदूं’ची तक्रार केली होती. त्या काळी तिथे हा शब्द हिंदुस्थानातून आलेल्या सर्वांनाच लावत आणि त्यांत बहुसंख्य पंजाबी शीख होते. १९१३मध्ये राज्यात बंदी आली.

म्हणून मला याच राज्यातल्या ऑकलंड शहराचा प्रयोग मोलाचा वाटतो. २०१५ साली त्या शहरात गांजासाठी झालेल्या अटकांपैकी ७७ टक्के कृष्णवर्णीयांच्या होत्या आणि ४ टक्के गोऱ्यांच्या. लोकसंख्येत मात्र दोघांचा वाटा जवळपास सारखा, तीस टक्क्यांच्या आसपास. २०१७मध्ये शहरानं पहिल्या टप्प्यातले निम्मे परवाने अशा रहिवाशांसाठी राखले, ज्यांचं उत्पन्न कमी आहे आणि ज्यांना शहरात गांजासाठी शिक्षा झाली आहे, किंवा जे पोलिसांच्या ठरावीक गस्तीभागांत गेल्या २० वर्षांपैकी १० वर्षं राहिले आहेत. बाकीच्या अर्जदारांपैकी जो यांच्यातल्या एकाला १,००० चौरस फूट जागा ३ वर्षं बिनभाड्यानं देईल, त्याचा अर्ज पुढे सरकेल, असंही ठरवलं. नेमकं दुखणं भाड्यात आहे हे शहरानं ओळखलं.

राज्यानं २०१८मध्ये आणलेला ‘टाइप एस’ परवानाही याच दिशेचा. वार्षिक विक्री १० लाख डॉलरच्या आत असलेले उत्पादक एकाच मंजूर स्वयंपाकघरात वेळा वाटून काम करू शकतात. जागेची मुख्य मंजुरी एकदाच मिळवायची आणि तिच्या छपराखाली चार-पाच जणांनी धंदा उभा करायचा. पण तेही शहरानं परवानगी दिली तरच. माझ्या मते आग नाही, दाब नाही, द्रावक नाही अशा खोलीसाठी सुनावणीच नको. नियम आधीच लिहून ठेवावेत, ते पाळले की खिडकीवर शिक्का मिळावा, आणि शेजाऱ्यांनी आपलं म्हणणं नियम ठरतानाच मांडावं. नाहीतर दिलासा तात्पुरताच ठरतो: ऑकलंडची बिनभाड्याची मुदत तीनच वर्षांची. ती संपली की त्या उत्पादकाला चढ्या भाड्याच्या त्याच ‘ग्रीन झोन’मध्ये स्वतःची जागा शोधावी लागते, आणि नव्या पत्त्यासाठी मंजुरी पहिल्यापासून.