दुनहुआंगची धम्मयात्रा : प्रवासाची आखणी कशी करावी?

बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी ही स्थळे आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांनी पाहिली आहेत. आता थायलंड व श्रीलंकेच्या धम्मसहलीही नियमितपणे निघतात. चीनचा विषय निघाला म्हणजे मात्र सहल आयोजकांची मजल बहुधा बीजिंग आणि शांघाय या महानगरांपर्यंतच जाते. ज्या वाटेने तथागतांचा धम्म मध्य आशियातून चीनमध्ये पोहोचला, ती वाट या महानगरांपासून फार दूर पश्चिमेस, गान्सू प्रांताच्या वाळवंटी टोकाला आहे. त्या वाटेवरील दुनहुआंग हे सुमारे दोन लाख वस्तीचे लहान शहर आणि त्याच्या आग्नेयेस २५ किलोमीटरवर असलेली मोगाव येथील बुद्धलेणी बौद्ध अभ्यासकाने एकदा तरी पाहावीत, असे आम्हास वाटते.

धम्मयात्रा हा आपल्या दृष्टीने पुण्यसंचयाचा विधी नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली श्रीलंकेतील कँडी येथे, १९५४ साली रंगून येथे आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडू येथे बौद्ध परिषदांना गेले. परदेशातील बौद्ध समाज व त्याचे आचरण प्रत्यक्ष पाहावे, ही दृष्टी त्यामागे होती. त्याच दृष्टीने दुनहुआंगला जावयाचे असेल, तर प्रवासाची आखणी हा अभ्यासाचाच भाग समजला पाहिजे. साध्या नोकरदार वा निवृत्त माणसाने वर्षानुवर्षे साठविलेला पैसा या प्रवासात लागतो. आखणी चुकली, तर माणूस दुनहुआंगला पोहोचतो आणि लेणी न पाहताच परततो.

जुन्या यात्रिकांची तयारी

इ. स. ३९९ मध्ये चांगआन, म्हणजे आजचे शिआन, येथून भारताकडे निघालेला भिक्खू फाहियान दुनहुआंगला थांबला होता. तेथील अधिकारी ली हाव याने वाळवंट ओलांडण्यासाठी लागणारी साधने पुरविली, तेव्हाच तो आणि त्याचे सोबती पुढे निघाले. पुढचा टप्पा गाठण्यास त्यांना सतरा दिवस लागले. सातव्या शतकात ह्युएन त्संग निघाला, तो राजाज्ञा मोडून. प्रवासाचा परवाना नसल्याने त्याला सरहद्दीवरील पहाऱ्याचे बुरूज चुकवीत जावे लागले. वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि तो मरणाच्या दारात पोहोचला. हाच ह्युएन त्संग पुढे आपल्या महाराष्ट्रात आला आणि येथील लोकांचे व विहारांचे वर्णन त्याने लिहून ठेवले. इ. स. ६४५ मध्ये तो चांगआनला परतला. त्या परतीच्या वाटेवर सम्राटाच्या आज्ञेने दुनहुआंगच्या अधिकाऱ्यांनी त्याचे स्वागत केले.

परवाना, पुरेशी साधने आणि वाट जाणणारी सोबत या तीन गोष्टींवर त्यांचा प्रवास अवलंबून होता. आजच्या यात्रिकालाही याच तीन गोष्टी लागतात. त्यांत चौथी भर पडली आहे ती लेण्यांच्या तिकिटाची.

आखणी लेण्यापासून सुरू करावी

मोगाव येथे ७३५ लेणी असून त्यांपैकी ४९२ लेण्यांत भित्तिचित्रे व मूर्ती आहेत. चित्रांचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर, तर रंगविलेल्या मूर्ती दोन हजारांहून अधिक आहेत. पहिले लेणे इ. स. ३६६ मध्ये लत्सुन नावाच्या भिक्खूने कोरविले, असे परंपरा सांगते. ही चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. खडकात व गिलाव्यात क्षार असून, हवेतील ओलावा वाढला की ते विरघळतात आणि हवा कोरडी होताच पुन्हा स्फटिकरूप धारण करतात. या उलथापालथीत रंगाचे पापुद्रे सुटतात. उघडणाऱ्या दारातून येणारी दमट हवा व प्रेक्षकांचा श्वास या चित्रांना घातक ठरतो, म्हणून प्रवेशावर कडक मर्यादा आहे.

एप्रिल ते नोव्हेंबर या हंगामात पूर्ण तिकिटे दिवसाला फक्त ६,००० दिली जातात. या तिकिटावर दोन माहितीपट, लेण्यांपर्यंत जाणारी बस आणि मार्गदर्शकासह आठ लेण्यांचे दर्शन मिळते. कोणती लेणी दाखवावयाची, हे मार्गदर्शक ठरवितो. काही विशेष लेण्यांसाठी वेगळी रक्कम मोजावी लागते. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर, दिवस व वेळ ठरवून मिळते. आगाऊ नोंदणी साधारण एक महिना आधी सुरू होते आणि गर्दीच्या दिवसांची तिकिटे लवकर संपतात.

सामान्यतः आपण आधी विमान, मग हॉटेल आणि शेवटी स्थळदर्शन असा क्रम लावतो. येथे तो उलटा करावा लागतो. प्रथम लेण्यांचा दिवस निश्चित करावा आणि त्याभोवती बाकीचा प्रवास गुंफावा. परंतु लेण्यांची नोंदणी महिनाभर आधीच सुरू होते आणि परदेशी विमानाचे तिकीट त्यापूर्वी काढावे लागते, ही अडचण उरतेच. तिच्यावर एकच उपाय आहे. दुनहुआंगमध्ये निदान तीन रात्रींचा मुक्काम ठेवावा. इच्छित दिवस न मिळाल्यास दुसरा दिवस हाताशी राहतो. वाळूचे वादळ वा पाऊस आल्यास लेणी बंद ठेवली जातात, तेव्हाही हा राखीव दिवस उपयोगी पडतो.

कोणता काळ निवडावा?

दुनहुआंगचे हवामान वाळवंटी आहे. वसंत ऋतूत वाळूची वादळे होतात, जुलै-ऑगस्टमध्ये कडक ऊन व चिनी प्रवाशांची मोठी गर्दी असते, आणि हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हा काळ आम्हास अधिक सोयीचा वाटतो. १ मे व १ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्यांचा आठवडा कटाक्षाने टाळावा, कारण त्या दिवसांत आगगाडी, हॉटेल व लेणी या तिन्ही ठिकाणी जागा मिळणे दुरापास्त होते.

प्रवासाचे तीन टप्पे

पहिला टप्पा भारतातून चीनच्या मोठ्या शहरापर्यंतचा. २०२० मध्ये खंडित झालेली दोन्ही देशांमधील थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरात कोलकाता-ग्वांगझो मार्गाने पुन्हा सुरू झाली व नंतर दिल्लीहूनही उड्डाणे सुरू झाली. बँकॉक, सिंगापूर वा हाँगकाँगमार्गे जाण्याचा पर्यायही आहे.

दुसरा टप्पा दुनहुआंगपर्यंतचा. शहराला स्वतःचा विमानतळ असून बीजिंग, शिआन व लांझो येथून विमाने येतात. शिआनहून हा प्रवास दोन-अडीच तासांचा आहे. हिवाळ्यात उड्डाणे कमी होतात, हे ध्यानात ठेवावे. आगगाडीने जावयाचे असल्यास लांझोहून निघणे सोयीचे ठरते. हे अंतर अकराशे किलोमीटरच्या आसपास असून रात्रीच्या शयनयान गाडीने गेल्यास एका मुक्कामाचा खर्च वाचतो. गाडी निवडताना अनेकांची गफलत होते ती स्थानकाच्या नावात. २००६ पूर्वी दुनहुआंगला रेल्वे नव्हती व प्रवासी लिउयुआन येथे उतरत असत. आजही मुख्य मार्गावरील अनेक गाड्या लिउयुआन वा लिउयुआन दक्षिण येथेच थांबतात आणि तेथून दुनहुआंग सुमारे १३० किलोमीटर दूर आहे. म्हणून तिकिटावर ‘दुनहुआंग’ हेच नाव आहे ना, हे पाहावे. वृद्ध सोबत असतील, तर हे दोन तासांचे जादा मोटारप्रवासाचे ओझे टाळणेच इष्ट.

तिसरा टप्पा शहरापासून लेण्यांपर्यंतचा. खासगी वाहन थेट लेण्यांपाशी नेता येत नाही. अजिंठ्यास जाताना फर्दापूर फाट्यावर वाहन ठेवून बसने जावे लागते, तीच पद्धत येथे आहे. रेल्वे स्थानक व विमानतळाच्या बाजूस असलेल्या अभ्यागत केंद्रात प्रथम माहितीपट पाहावयाचे व तेथून केंद्राच्या बसने लेण्यांकडे जावयाचे. तिकिटावरील वेळ ही या केंद्रात हजर राहण्याची वेळ असते.

कागदपत्रे व व्यवहार

भारतीय पासपोर्टधारकास चीनचा व्हिसा आवश्यक आहे. अर्जासोबत प्रवासाचा आराखडा जोडावा लागत असल्याने निदान दोन महिने आधी तयारीस लागावे. चीनमध्ये आगगाडी, विमान, हॉटेल व लेणी या सर्वांची नोंद पासपोर्टवरूनच होते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम प्रत्येक कागदावर निराळा असतो. म्हणून प्रत्येक नोंदणीत पासपोर्टवरील अक्षर न अक्षर तसेच लिहावे. रेल्वेची तिकिटे साधारण पंधरा दिवस आधी खुली होतात.

तेथील बहुतेक व्यवहार मोबाइलवरून होतात. अलीपे व वीचॅट या सेवांना परदेशी कार्ड जोडता येते. ती जोडणी भारतातच करून घ्यावी व थोडे युआन रोख जवळ ठेवावेत. गुगलच्या सेवा तेथे चालत नाहीत. त्यामुळे हॉटेल, स्थानक व अभ्यागत केंद्र यांची नावे चिनी लिपीत कागदावर छापून न्यावीत. २८ जून २०२५ पासून ‘थ्री-सी’ चिन्ह नसलेली पॉवर बँक चीनच्या देशांतर्गत विमानात नेता येत नाही.

घड्याळाचीही एक गोष्ट आहे. संपूर्ण चीनमध्ये बीजिंगची एकच वेळ चालते व ती भारतीय वेळेपेक्षा अडीच तास पुढे आहे. दुनहुआंग फार पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी पावणेदोनच्या सुमारास. सकाळ उशिरा उजाडते आणि उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. औषधांच्या व भोजनाच्या वेळा त्यानुसार आखाव्यात.

जाण्यापूर्वी काय पाहावे?

लेण्यांच्या आत छायाचित्रण करता येत नाही आणि प्रत्येक लेण्यात मोजकीच मिनिटे मिळतात. तेव्हा पूर्वतयारी हाच खरा उपाय. निघण्यापूर्वी अजिंठा पुन्हा एकवार पाहावा. तेथील २६ क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती ज्याने मनात साठविली आहे, त्याला मोगावच्या १५८ क्रमांकाच्या लेण्यातील सुमारे १६ मीटर लांबीची महापरिनिर्वाण मूर्ती अधिक उलगडेल. शिबी जातकाची कथा अजिंठ्यात आहे, तशीच मोगावच्या २५४ क्रमांकाच्या लेण्यातही आहे. ही लेणी आपल्या गटाच्या वाट्यास येतीलच असे नाही. तरीही कथा ठाऊक असतील, तर जे दिसेल ते ओळखीचे वाटेल.

तेथे काय नाही, हेही जाणून जावे. १९०० साली सतराव्या लेण्यात हजारो हस्तलिखितांचा साठा सापडला. त्यातील फार मोठा भाग १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन व १९०८ मध्ये पॉल पेलिओ यांनी युरोपात नेला. इ. स. ८६८ चे छापील वज्रच्छेदिका सूत्र आज लंडनमध्ये आहे. दुनहुआंगमध्ये दिसते ते रिकामे दालन. आपला वारसा आपणच जपला नाही, तर तो कोठे जातो, याचा धडा त्या दालनात मिळतो.

एकट्याने हा प्रवास करणे खर्चाचे व अवघड आहे. विहारांनी आठ-दहा जणांचे गट करावेत, वर्षभर मासिक बचत करावी, गटातील एका तरुणावर नोंदणीचे व एकावर अभ्यासवर्गाचे काम सोपवावे. परतल्यावर पाहिलेले विहारात सर्वांना समजावून सांगावे, म्हणजे जे जाऊ शकले नाहीत त्यांनाही या यात्रेचा लाभ होईल.