इंदिरा संत : तरुण कवयित्रीचा संसार, निर्मिती आणि वियोग

प्रस्तावना

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत इंदिरा संत यांची कविता बहुधा 'विरहाची कविता' या शीर्षकाखाली येते. पती गेले, दुःख झाले, त्या दुःखातून कविता उमलली, अशी सोपी साखळी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून वारंवार आढळते. पुष्कळदा तिचे मूळ वर्गात दिलेल्या टिपणांत असते. ही साखळी सर्वस्वी खोटी आहे असे नाही; परंतु तिच्यामुळे दोन गोष्टी दृष्टीआड होतात. पहिली अशी की, वियोगापूर्वीही इंदिराबाई कवयित्री होत्या. दुसरी अशी की, वियोगानंतर त्यांच्या वाट्याला केवळ दुःख आले नाही, तर नोकरी आली, तीन मुलांचे संगोपन आले आणि रोजचा दिवस आला. या रोजच्या दिवसाचा त्यांच्या निर्मितीशी काय संबंध होता, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. विवेचन मुख्यतः १९४० ते १९५७ या कालखंडापुरते मर्यादित ठेवले आहे.

मराठवाड्यातील अध्यापकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. इंदिरा संत यांचा जन्म ४ जानेवारी १९१४ रोजी विजापूर जिल्ह्यातील इंडी येथे झाला, बी. रघुनाथ यांचा जन्म त्याच्या आदल्याच वर्षी, १९१३ मध्ये, परभणी जिल्ह्यात झाला. एकीने बेळगावात अध्यापन केले, दुसऱ्याने निजामी राजवटीतील सरकारी कचेरीत कारकुनी केली. दोघांनाही पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन केंद्रापासून दूर, मराठीच्या कडेला राहून, पोटापाण्याच्या कामातून उरलेल्या वेळात लिहावे लागले. बी. रघुनाथ १९५३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेले. इंदिराबाईंना दीर्घायुष्य लाभले; १३ जुलै २००० रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. मराठी साहित्याच्या इतिहासात 'केंद्र' आणि 'परिघ' यांची चर्चा पुष्कळ होते, पण परिघावरच्या लेखकाचा दिवस कसा जात असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

'सहवास' : दोघांचे पुस्तक

माहेरच्या त्या इंदिरा दीक्षित. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. याच काळात नारायण माधव संत यांच्याशी त्यांचा परिचय झाला व त्याची परिणती विवाहात झाली. तीसच्या दशकात स्वतःच्या निवडीने केलेला विवाह ही मध्यमवर्गीय मराठी घरांत सहज पचणारी गोष्ट नव्हती. ना. मा. संत हे स्वतः कवी होते, शिवाय लघुनिबंधकारही होते. 'उघडे लिफाफे' हा त्यांचा लघुनिबंधांचा संग्रह. घरात दोन लिहिती माणसे होती आणि १९४० मध्ये दोघांच्या कवितांचा मिळून 'सहवास' हा संग्रह प्रसिद्ध झाला.

पती-पत्नींनी मिळून कवितासंग्रह काढण्याचा हा प्रकार अगदीच अपूर्व नव्हता. रविकिरण मंडळातील श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि मनोरमाबाई रानडे यांचे 'श्री-मनोरमा' हे त्याचे आधीचे उदाहरण. तेथेही एकाचा आवाज लवकर थांबला. मनोरमाबाई १९२६ मध्ये निवर्तल्या. 'सहवास'मधील इंदिराबाईंची कविता पुढील कवितेच्या तुलनेत उमेदवारीची आहे, हे मान्य करावयास हवे. रविकिरण मंडळाने रूढ केलेल्या प्रेमकवितेच्या वळणाची छाया तिच्यावर असणे कालमानाने स्वाभाविकच होते. परंतु या संग्रहाचे महत्त्व त्यातील रचनांच्या गुणवत्तेपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. कवितेतील 'तू' कोण, हे येथे निश्चित होते. तो 'तू' घरातच आहे आणि तोही कवी आहे. एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या कानावर पडते. पुढे सहा वर्षांनी हा ऐकणारा गेला. इंदिराबाईंच्या कवितेतील संबोधन मात्र गेले नाही. नंतरच्या कवितेतील आर्तता केवळ प्रेमभंगाच्या किंवा विरहाच्या परंपरागत संकेतांनी समजावून घेता येत नाही, याचे कारण येथे आहे. तेथे प्रियकराप्रमाणेच पहिला वाचकही हरपलेला आहे.

१९४६ ते १९५१

१९४६ हे वर्ष बेळगावच्या इतिहासात वेगळ्या कारणाने नोंदले गेले आहे. ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली त्या वर्षी बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले व संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथून चालना मिळाली. त्याच वर्षी ना. मा. संत यांचे निधन झाले. इंदिराबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. पदरी तीन मुले होती.

यानंतरची पाच वर्षे त्यांच्या नावावर पुस्तक नाही. हीच वर्षे मराठी कवितेच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीची होती. १९४७ मध्ये मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह आला. त्याच वर्षी पद्मा गोळे यांचा 'प्रीतिपथावर' आणि शांता शेळके यांचा 'वर्षा' हे संग्रह प्रसिद्ध झाले. नवकवितेच्या वादाने नियतकालिकांची पाने भरून गेली होती. इंदिराबाई या वादात कोठे उभ्या होत्या, हे त्यांच्या कवितेवरूनच ठरवावे लागते. त्यांनी नवकवितेचे घोषित तत्त्वज्ञान स्वीकारले नाही. पण शब्दांची काटकसर आणि प्रतिमेवरचा विश्वास या दोन बाबतींत त्यांची कविता १९४० च्या पुष्कळ पुढे आलेली दिसते.

या मधल्या काळात त्यांनी बेळगाव येथे शिक्षकी पेशात राहून संसार चालविला. पुढे तेथील अध्यापक-प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यपदापर्यंत त्या पोहोचल्या. येथे थोडे थांबले पाहिजे. चाळीसच्या दशकातील ब्राह्मणी मध्यमवर्गात तरुण विधवेचे स्थान काय होते, हे कादंबऱ्यांवरून आपणांस ठाऊक असते. केशवपनाचा काळ मागे पडला होता, परंतु कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाचे आमंत्रण या सौभाग्यचिन्हांची सीमारेषा पुसली गेली नव्हती. अशा स्त्रीने रोज घराबाहेर पडून वर्गासमोर उभे राहणे, मिळवते होणे आणि घरी परतल्यावर पुन्हा आई होणे, या दिनक्रमात शोकासाठी राखून ठेवलेला वेळ नसतो. शोकाला कामांच्या फटीत जागा शोधावी लागते. दिवेलागण, अंगणातले झाड, पाऊस, दाराशी थबकलेले पाऊल अशा घरगुती क्षणांवर ही कविता वारंवार का थांबते, याचा विचार करताना ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही.

सौभाग्याच्या वस्तू

१९५१ मध्ये 'शेला', १९५५ मध्ये 'मेंदी', १९५७ मध्ये 'मृगजळ'. या तीन संग्रहांची नावे एकापुढे एक ठेवून वाचली तर एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. शेला हे विवाहाचे वस्त्र आहे. त्याच्या टोकाची गाठ उपरण्याशी बांधली जाते. मेंदी हे नववधूचे लेणे आहे. वैधव्यानंतर रूढीने ज्या गोष्टी स्त्रीच्या अंगावरून काढून घेतल्या, नेमकी त्यांचीच नावे एका तरुण विधवेने आपल्या पहिल्या दोन स्वतंत्र संग्रहांना दिली. यात बंडाचा आविर्भाव नाही, घोषणा तर मुळीच नाही. बहुधा म्हणूनच समीक्षेचे तिकडे फारसे लक्ष गेले नसावे. जे शरीरावर मिरवता येत नाही ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लिहिले गेले. समाजाने त्याला कवितेचे सौंदर्य म्हणून मान दिला आणि त्यातील विधान मात्र ऐकले नाही. 'मृगजळ'शी येताना वस्तूच नाहीशी होते. उरतो तो भास. पुढे १९६४ मध्ये 'रंगबावरी' येते आणि रंग या शब्दाची ओढ पुन्हा उघड होते. १९७२ च्या 'बाहुल्या' या नावात मुलीच्या खेळाची आठवण आहे, तर १९८२ च्या 'गर्भरेशीम' या संग्रहनामात वस्त्राचा धागा परत येतो. या संग्रहास १९८४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शीर्षकांवरून एवढे मोठे अनुमान काढू नये, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्तही आहे. परंतु आतील कवितेतही वस्तूंचे स्थान असेच आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोहोचलेली त्यांची पावसाला विनवणी करणारी कविता पाहावी. गळके घर, मोजकी भांडी, दारची वेल यांची काळजी करीत करीत ती कविता अखेर वाटेवरच्या प्रिय माणसापर्यंत येते. मनातली गोष्ट उशिरा येते. आधी भांडी येतात. संसार सांभाळणाऱ्या बाईचे मन याच क्रमाने चालते. 'दुःख' हा शब्द न उच्चारता दुःखाचा पत्ता सांगण्याची ही रीत आहे.

हार्डीची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. १९१२ मध्ये पहिली पत्नी एमा हिच्या निधनानंतर टॉमस हार्डीने लिहिलेल्या कविता इंग्रजी शोककाव्यात प्रसिद्ध आहेत. हार्डी तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. तो तरुणपणीच्या जागा शोधत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर गेला आणि तेथे त्याला कविता भेटल्या. इंदिराबाईंना असा प्रवास करण्याची सोय नव्हती, गरजही नव्हती. ज्या घरात सहवास घडला त्याच घरात उद्याचा स्वयंपाक करावयाचा होता. स्मृतीची जागा आणि कामाची जागा एकच होती. मराठीत आठवण येते ती अनिल-कुसुमावती या दांपत्याची. कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये गेल्या. त्या दोघांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नावाने १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मागे राहिलेला पुरुष पत्रे जतन करतो. इंदिराबाईंच्या बाबतीत मागे राहिलेली स्त्री शेल्याची आणि मेंदीची नावे जतन करते. हा फरक स्त्री-पुरुष स्वभावाचा मानण्यापेक्षा दोघांना उपलब्ध असलेल्या अवकाशाचा मानणे अधिक योग्य होय.

लहान कविता, मोडलेला दिवस

इंदिराबाईंची कविता आकाराने बहुधा लहान आहे आणि तिच्यात अष्टाक्षरी रचनेचे प्रमाण लक्षणीय आहे. आठ अक्षरांचे हे माप ओवीच्या, पर्यायाने जात्याच्या, फार दूरचे नाही. हात कामात असताना मनातल्या मनात धरून ठेवता येईल, असा हा आकार आहे. कोणत्या कवितेची कोणती ओळ कोणत्या वेळी सुचली याचा शोध घेणे व्यर्थ. तरीही वारंवार खंडित होणारा दिवस आणि एका बैठकीत मनात मावणारी कविता यांचा मेळ निव्वळ योगायोगाचा मानवत नाही. पुढे उतारवयात त्यांनी स्त्रियांच्या ओव्यांचे संकलन करून 'मालनगाथा' सिद्ध केली. तिच्याकडे लोकसाहित्याचे स्वतंत्र काम म्हणून पाहिले जाते. परंतु आपल्या छंदाचे माहेर कोठे आहे, याची ती कवयित्रीने दिलेली कबुलीही आहे. जात्यावरच्या ओव्यांची समृद्ध परंपरा असलेल्या मराठवाड्यात हा दुवा विद्यार्थ्यांना सहज पटवून देता येतो.

कवितेबरोबरच त्या कथाही लिहीत होत्या, हे बहुतेक विसरले गेले आहे. 'श्यामली' १९५२ मध्ये, 'कदली' १९५५ मध्ये आणि 'चैतू' १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन कवितासंग्रहांबरोबर हे तीन कथासंग्रह मोजले तर १९५१ ते १९५७ या सात वर्षांत सहा पुस्तके होतात. याच सात वर्षांत त्या नोकरी करीत होत्या, मुले वाढत होती आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याने त्यांचे गावही दुसऱ्या राज्यात गेले. 'विरहिणी' या शब्दाने जी खिडकीशी बसलेली आकृती डोळ्यांसमोर येते, तिच्याशी हा हिशेब जुळत नाही. कथांची गुणवत्ता कवितेच्या तोडीची नाही, असे म्हटले तरी त्यांचे अस्तित्व महत्त्वाचे ठरते. दुसऱ्यांच्या आयुष्याकडे पाहण्यासाठी त्यांना गद्य लागत होते. स्वतःचे म्हणणे त्यांनी कवितेसाठी राखून ठेवले होते. रमेश तेंडुलकर यांनी 'मृण्मयी' या नावाने त्यांच्या निवडक कवितांचे संपादन केले. वृंदा नाबर आणि निसिम इझिकेल यांनी केलेले इंग्रजी अनुवाद १९७५ मध्ये पुस्तकरूपाने आले. १९९५ मध्ये त्यांना जनस्थान पुरस्कार मिळाला. या साऱ्या मान्यतेत कथालेखिका इंदिरा संत कोठेच नाहीत; मराठी विभागांतील एखाद्या शोधार्थ्याने हा विषय हाती घेण्यासारखा आहे.

त्याच घरातील दुसरा आवाज

वियोग एकट्या पत्नीचा नसतो. ज्येष्ठ पुत्र प्रकाश यांचा जन्म १९३७ चा. वडील गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आजोळी दत्तक गेल्यामुळे त्यांचे व्यवहारातील नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित असे झाले. कराड येथे त्यांनी भूशास्त्राचे अध्यापन केले. १९९४ मध्ये 'वनवास' हा त्यांचा कथासंग्रह आला आणि त्यामागून 'शारदा संगीत', 'पंखा' व 'झुंबर'. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ बेळगावच्या परिसरात वाढणारा लंपन हा या कथांचा नायक. त्याचे हसणे-खेळणे इतके लोभस आहे की, त्याच्या एकटेपणाकडे वाचकाचे लक्ष उशिरा जाते. आईच्या कवितेत भांडी आधी येतात, मुलाच्या कथेत खेळ आधी येतात. दोन्हीकडे उणीव मागाहून समजते.

या कथा लिहिताना त्यांनी दीक्षित हे नाव वापरले नाही. २००३ मध्ये मालवणच्या समुद्रात बुडून त्यांचा मृत्यू झाला. चारही पुस्तकांवर लेखकाचे नाव आहे ते प्रकाश नारायण संत.