पडदा भिंतीवर, खडू कोणाच्या हाती?

वर्गात मोठा पडदा लागला, मुलांच्या हाती टॅब आला, की गोरगरिबांच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला, असा समज राज्यकर्त्यांनी पसरवला आहे. मुंबई महानगरपालिकेने २०११ साली व्हर्च्युअल क्लासरूम सुरू केल्या. २०१५ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब वाटले. २०२१ साली सीबीएसईच्या दहा शाळा उघडल्या, त्यातली एक आमच्या मुलुंडमध्ये, मिठागर रोडवर. यातल्या कशालाही आमचा विरोध नाही. पैसेवाल्याच्या मुलाला जे मिळते ते वस्तीतल्या मुलालाही मिळालेच पाहिजे. ती मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. परंतु आमचा सवाल वेगळा आहे. पडद्यासमोर बसलेले मूल तासभर काय करते? नुसते बघते की शिकते?

संध्याकाळी विहारात आम्ही कार्यकर्ते अभ्यासिका चालवतो. सहावी ते आठवीची मुले येतात. त्यांना विचारा, ०.५ मोठा की ०.४५? निम्मी मुले ठामपणे सांगतात, ०.४५ मोठा, कारण पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे. दशांश अपूर्णांकाची चित्रफीत त्यांनी शाळेत पाहिलेली असते. ती छान असते, रंगीत असते, पण मुलाच्या डोक्यात बसलेली चुकीची समजूत तिला ऐकू येत नाही. मग आम्ही घरातली शिवणकामाची टेप पुढे करतो. ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटीमीटर, ०.४५ मीटर म्हणजे ४५. मूल स्वतःच्या हाताने टेप धरते, दोन्ही खुणा बघते आणि स्वतःच म्हणते, "अरे, हे तर छोटं आहे!" दहा रुपयांची टेप जे करते ते महागडा पडदा करू शकला नाही, कारण टेप मुलाच्या हातात होती.

मुलाच्या हाती काय आहे, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले. त्याबरोबर वर्गात गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यापाशी ठेवलेले असत. ते विटाळू नयेत म्हणून मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला फेकले. फळा हे त्या काळचे वर्गातले तंत्रज्ञानच होते. ते वर्गात होते, पण आपल्या मुलाने त्याला हात लावायचा नव्हता. याच बाबासाहेबांनी १९०७ साली मॅट्रिक पास होऊन दाखवले. आज कोणी डबे फेकत नाही. पण टॅब कपाटात कुलूपबंद, प्रयोगाचे साहित्य 'फुटेल' म्हणून धूळ खात, आणि फळ्यापाशी जाणारी तीच ती चार हुशार मुले, हे चित्र आम्ही एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. मागच्या बाकावर बसणारी मुले कोणत्या वस्तीतली असतात, हे वेगळे सांगायला नको.

मग करायचे काय? शिकवण्याची रीत बदलायची. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९० च्या दशकात एक साधी पद्धत रूढ केली. शिक्षकाने प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने मनाशी उत्तर ठरवून द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. आपल्याकडे यासाठी यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याचे तीन रंगीत तुकडे पुरतात. चित्रफीत मध्येच थांबवा, विचारा, "जड दगड आधी पडेल की हलका? की दोन्ही बरोबर?" पन्नास मुलांचे पन्नास तुकडे वर आले की कोणाला काय समजले नाही हे शिक्षकाला क्षणात दिसते. हाच पडद्याचा खरा उपयोग.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. पुढे ते काम एकलव्य संस्थेने शेकडो शाळांत नेले. २००२ साली मध्य प्रदेश सरकारने ते बंद केले, पण खेड्यातली मुले प्रयोग करून विज्ञान शिकू शकतात हे सिद्ध झालेच. याच कामात असताना अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीचे आकार बनवले. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाला आणि छपराला त्रिकोण का लागतात, हे मूल बोटांनी शिकते.

आपल्या मुंबईतच, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या व. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८० च्या दशकात महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. ही मुले बुद्धीने कमी नव्हती. पुस्तकाची भाषा त्यांच्या आड येत होती. ती अडचण दूर केल्यावर मुलांनी प्रगती करून दाखवली. आज सेमी-इंग्रजीच्या घाईत हा धडा आपण विसरतो आहोत. 'पाणी उडून गेलं' हे मुलाचे वाक्य आधी मान्य करा, मग 'बाष्पीभवन' सांगा, आणि इंग्रजी शब्द त्यानंतर.

बाष्पीभवन शिकवायला मुलुंडच्या मुलाला चित्रफीत कशाला हवी? पूर्वेला मिठागरे आहेत. ताटलीत मिठाचे पाणी गच्चीवर ठेवा आणि रोज तोला.

गणिताचेही तसेच. १९६७ पासून मुलुंडला डम्पिंग ग्राउंड होते. २०१८ साली महापालिकेने ते बंद केले आणि साचलेल्या सुमारे ७० लाख टन कचऱ्याची सहा वर्षांत विल्हेवाट लावण्याचे ठरवले. सातवीच्या वर्गाला हे गणित घाला. सहा वर्षे म्हणजे २,१९० दिवस. रोज किती टन? सुमारे ३,२००. दहा टनांच्या ट्रकच्या किती फेऱ्या? ३२०. जागा २४ हेक्टर. म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे २९ टन कचरा! या कचऱ्याच्या वासात ज्यांचे बालपण गेले, ज्यांचे आईबाप झाडू घेऊन पहाटे बाहेर पडतात, त्या मुलांना भागाकार कशासाठी शिकायचा हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. हा कचरा कोणी केला, कोणी उचलला, हा पुढचा प्रश्न ती आपणहून विचारतील.

आता कायद्याचे बोलू. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ सांगते की शिकणे कृतीतून व शोधातून, भयमुक्त वातावरणात आणि शक्य तितके मातृभाषेतून व्हावे. अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक हवा आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. मात्र त्याच अनुसूचीत ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा नाही! ही उणीव भरून काढायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कलम २१ प्रमाणे तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात, वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व असते, निम्म्या महिला असतात. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते.

तेव्हा आयाबहिणींनो, समितीच्या बैठकीला जा, नुसती सही करून परतू नका. विज्ञान-गणिताचा शिक्षक नेमला आहे का, ते विचारा. या महिन्यात आमच्या मुलीने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले, ते विचारा. टॅब चालू किती, बंद किती, याची नोंद मागा. नाही दिली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्रयोगाचे साहित्य विकास आराखड्यात लेखी घालून घ्या. अर्ज लिहायला अडचण आली तर आपल्या विहारात या. आम्ही वकील मंडळी कागद घेऊन बसलेलो असू.