एसीची जाळी आणि नातवाचा खोकला

मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक आपल्या सहा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आले. दिवसभर पोरगा अंगणात हुंदडायचा. पण रात्री झोपला की तासाभरात खोकला सुरू. दीड महिन्यात दोन डॉक्टर झाले होते, छातीचा एक्स-रे झाला होता, खोकल्याची चार औषधे बदलून झाली होती.

मी विचारले, "सर, रात्री हा झोपतो कुठे?"

"आमच्याच खोलीत. एसी आहे ना तिथे."

"एसीची जाळी शेवटची कधी धुतली?"

सर थबकले. "जाळी? एसी घेऊन तीन वर्षं झाली, डॉक्टर. कधी बिघडलाच नाही. मग उघडायचा कशाला?"

वाचकहो, सरांना हसण्याचा अधिकार मला नाही. त्याच संध्याकाळी मी माझ्या तपासणीच्या खोलीतल्या एसीचे झाकण उघडले. आत जाळी दिसेचना, दिसला तो करड्या रंगाचा लोकरीसारखा थर. ज्या खोलीत मी दम्याचे रुग्ण तपासतो, त्याच खोलीत ही अवस्था! म्हणून आजचा विषय घेतला.

यंत्रात घडते काय?

पुष्कळांचा समज असा की एसी बाहेरची ताजी हवा थंड करून आत सोडतो. घरातला नेहमीचा भिंतीवरचा एसी तसे करीत नाही. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढून, थंड नळ्यांवरून फिरवून परत सोडतो. त्या हवेतली धूळ, कपड्यांचे तंतू, केस जाळीत अडकतात. हवेतली वाफ थंड नळ्यांवर दवासारखी जमते आणि ते पाणी बारीक नळीवाटे बाहेर ठिबकते. हवेतला दमटपणा काढणे हे तर या यंत्राचे मूळ काम! १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाई बिघडे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली.

आता जाळी तुंबली की काय होते पाहा. काही धूळ जाळी ओलांडून ओल्या नळ्यांवर बसते. धूळ अधिक पाणी म्हणजे चिखल, आणि ओल्या चिखलात बुरशी वाढणारच. एसी सुरू करताच पहिली दोन मिनिटे ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येतो तो याचाच. बुरशीचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर खोलीत येतात. निरोगी माणसाला त्याचे फारसे काही होत नाही. पण ज्याला दमा आहे, सर्दीची अ‍ॅलर्जी आहे, त्याला शिंका, नाक चोंदणे, खोकला, छातीत घरघर असा त्रास होऊ शकतो. क्वचित काही लोकांत फुप्फुसाला सूज येऊन ताप आणि धापही लागते.

त्रास एसीचा आहे हे ओळखावे कसे? त्या खोलीत गेल्यावर वाढतो, दोन दिवस बाहेरगावी गेले की कमी होतो, आणि पुन्हा घरी आले की सुरू होतो. असे असेल तर आधी जाळी पाहा आणि डॉक्टरांनाही ही माहिती आवर्जून सांगा.

खर्चाचा हिशेब

"डॉक्टर, हे सगळं करायला पैसे किती लागतील?" हा प्रश्न योग्यच आहे. मी यंत्राचा जाणकार नव्हे. पण आमच्या मेकॅनिकजवळ बसून समजून घेतले ते सांगतो.

जाळी धुण्याचा खर्च शून्य. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, रस्त्याकाठचे घर असेल तर दर आठवड्याला, मेन स्विच बंद करून झाकण उघडावे आणि जाळी काढावी. नळाखाली साध्या पाण्याने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवावी आणि मगच बसवावी. ओली जाळी बसवू नये. ज्याला दमा आहे त्याने हे काम करू नये, आणि ते चालू असताना त्या खोलीत थांबूही नये.

आतल्या नळ्या, पंखा, पाण्याची नळी आणि बाहेरचे युनिट धुणे हे मात्र मेकॅनिकचे काम. आमच्याकडे त्याचे साधारण पाचशे ते आठशे रुपये पडतात. वर्षातून दोनदा, उन्हाळा सुरू होण्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, हे करून घ्यावे. पैसे वाचवण्यासाठी बाहेरच्या युनिटपर्यंत स्वतः शिडी लावून चढू नये. वार्षिक करार घेणाऱ्यांनी दोन वेळच्या सर्व्हिसिंगचे पैसे आणि कराराची रक्कम शेजारी शेजारी मांडून पाहावी, मगच सही करावी.

गॅसच्या बाबतीत जागरूक राहावे. एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही. म्हणून "दरवर्षी गॅस भरावाच लागतो" असे कोणी म्हटले तर मानू नये. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठे तरी गळती आहे. आधी गळती शोधायला सांगावे, ती बुजवून मगच गॅस भरावा. नाहीतर दोन-तीन हजार रुपये अक्षरशः हवेत जातात.

आता फायद्याची बाजू. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला तर आठ ते दहा युनिट वीज सहज लागते, म्हणजे महिन्याला २५० ते ३०० युनिट. तुंबलेली जाळी बदलून स्वच्छ जाळी बसवली की एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगते. आपण दहा टक्केच धरू. दहा रुपये युनिटने महिन्याला अडीचशे ते तीनशे रुपये झाले. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत निदान एका सर्व्हिसिंगचे पैसे विजेच्या बिलातूनच वसूल! शिवाय एसी २४ अंशांवर ठेवावा. १८ वर ठेवून वर दुलई घेणे यात ना आरोग्य, ना काटकसर.

दोन गोष्टी विसरू नका

पहिली, एसीला घाबरून तो बंद करू नका. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. वृद्ध, तान्ही मुले आणि हृदयरोगी यांना त्या दिवसांत थंड खोलीची गरज असते. उष्माघात जीव घेतो. दोष थंड हवेचा नाही, घाणीचा आहे. मोसमात पहिल्यांदा एसी लावाल तेव्हा मात्र पंधरा मिनिटे खिडक्या उघड्या ठेवा, आणि एरवीही खोलीत रोज थोडा वेळ बाहेरची हवा खेळू द्या.

दुसरी, ज्यांच्याकडे एसी नाही, कूलर आहे, त्यांनी "हे आपल्यासाठी नाही" म्हणून पान उलटू नये. कूलरच्या टाकीतल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. ही अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, कडा ब्रशने घासून कोरडी करावी. वाळा किंवा लाकडी गवताच्या ताट्या दर मोसमात बदलाव्यात.

आता सरांच्या नातवाचे सांगतो. त्याला सौम्य दमा निघाला. मी त्याला श्वासातून घ्यायचे औषध सुरू केले आणि सरांनी एसी धुऊन घेतला. तीन आठवड्यांत रात्रीचा खोकला थांबला. जाळी धुतल्याने दमा बरा झाला, असे मी म्हणणार नाही. तसे समजून कोणी पंप बंद करू नये, ते महागात पडेल. पण रोज रात्री आगीत तेल पडत होते, ते थांबले एवढे खरे.

सर गणिताचे शिक्षक. पुढच्या भेटीत त्यांनी हिशेब मांडला, "औषधपाण्यावर दीड महिन्यात चार हजार गेले, डॉक्टर. आणि एसी धुवायचे सहाशे." आता त्यांच्या घरी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी जाळी धुतल्याची तारीख लिहिलेली असते. माझ्या दवाखान्यातही तसे कॅलेंडर लागले आहे.

आज रविवार. चहा झाला की मेन स्विच बंद करून तेवढे झाकण उघडून पाहा.