मृत्युपत्रातील चूक न्यायालय दुरुस्त करते का?

मृत्युपत्राचा अर्थ लावण्याची वेळ येते, तेव्हा ते करणारी व्यक्ती हयात नसते. खरेदीखताबाबत वाद उद्भवला तर दोन्ही पक्षांना साक्षीसाठी बोलावता येते. मृत्युपत्रकर्त्याला मात्र 'तुम्हाला काय म्हणायचे होते?' असे विचारता येत नाही. मागे उरतो तो केवळ कागद. त्यात नाव चुकले, रक्कम लिहायची राहिली किंवा दोन तरतुदी परस्परविरोधी निघाल्या तर काय? या प्रश्नाचे उत्तर देताना न्यायालये एक मर्यादा कटाक्षाने पाळतात. न्यायालय मृत्युपत्राचा अर्थ लावते. ते नव्याने लिहीत नाही.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधील कलम ७४ ते १११ मध्ये अर्थ लावण्याचे नियम दिले आहेत. (मुस्लिमांची मृत्युपत्रे आणि गोव्यातील उत्तराधिकार यांना वेगळे नियम लागू होतात.) मृत्युपत्रात कायदेशीर परिभाषा वापरलीच पाहिजे असे नाही. मृत्युपत्रकर्त्याचा हेतू कळला की पुरे. हा हेतू मात्र एखाद्या सुट्या वाक्यावरून न ठरवता संपूर्ण मजकुरावरून ठरवावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने 'नवनीत लाल विरुद्ध गोकुळ' या प्रकरणात ही तत्त्वे एकत्रितपणे मांडली. न्यायालयाने जणू मृत्युपत्रकर्त्याच्या खुर्चीत बसावे, त्याची परिस्थिती आणि कौटुंबिक नातेसंबंध विचारात घ्यावेत आणि मग त्याने वापरलेल्या शब्दांचा अर्थ लावावा, असे त्यांचे सार आहे. अर्थात, खुर्ची त्याची असली तरी लेखणी न्यायालयाच्या हाती नसते.

काही चुका कायदा पोटात घालतो. कायद्यातीलच एक उदाहरण पाहा. 'माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस' याला काही रक्कम दिली आहे. जॉनला थॉमस नावाचा मुलगाच नाही. दुसऱ्या मुलाचे नाव विल्यम आहे. येथे रक्कम विल्यमला मिळते, कारण व्यक्ती कोण हे वर्णनावरून स्पष्ट होते. तसेच एका मुलीला 'पाचशे रुपये' आणि दुसरीला नुसते 'पाचशे' लिहिले असेल, तर दुसरीच्या बाबतीत 'रुपये' हा शब्द गृहीत धरला जातो.

एकाच नावाच्या दोन मिळकती निघाल्यास कोणती अभिप्रेत होती, हे दाखवण्यासाठी बाहेरचा पुरावाही देता येतो. परंतु लाभार्थीच्या नावाची जागा कोरी असेल, तर ती भरण्यासाठी कोणताही पुरावा चालत नाही. 'वडील नेहमी माझेच नाव घेत' असे मुलाने शपथेवर सांगितले तरी उपयोग होत नाही. ती देणगी अनिश्चिततेमुळे रद्द ठरते.

दोन तरतुदींचा मेळ कोणत्याही प्रकारे बसत नसेल, तर कलम ८८ नुसार शेवटची तरतूद ग्राह्य धरली जाते. आपल्याकडे नेहमी आढळणारा वाद मात्र थोडा निराळा असतो. 'राहते घर पत्नीला, तिच्यानंतर धाकट्या मुलाला' असे लिहिलेले असते. पत्नीला पूर्ण मालकी दिली की केवळ हयातीपुरता हक्क, हे मजकुरावरून ठरते. पूर्ण मालकी दिल्याचे निर्विवाद दिसले, तर मुलाबाबतची तरतूद निरर्थक ठरू शकते. 'मालकी हक्काने' किंवा 'हयातीपुरते' यांपैकी एक शब्द लिहिला असता, तर अनेक घरांतील वर्षानुवर्षांचे दावे टळले असते.

इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्याने न्यायालयाला लेखनदोष दुरुस्त करण्याचा अधिकार दिला आहे. तेथील एका पती-पत्नीने वकिलाच्या चुकीमुळे १९९९ मध्ये एकमेकांच्या मृत्युपत्रांवर सह्या केल्या. पतीच्या निधनानंतर खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याचे मृत्युपत्र नाकारले. २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मात्र ही चूक लेखनदोष मानून दुरुस्तीस मान्यता दिली. आपल्या उत्तराधिकार कायद्यात दुरुस्तीची अशी स्वतंत्र तरतूद नाही. म्हणूनच आपल्याकडे चूक वेळीच सुधारणे अधिक महत्त्वाचे ठरते.

ही सुधारणा मृत्युपत्रकर्त्याच्या हयातीत सहज होऊ शकते. मात्र सही झाल्यानंतर केलेली खाडाखोड तशीच ग्राह्य धरली जात नाही. त्या बदलाजवळ मृत्युपत्रकर्त्याची आणि दोन साक्षीदारांची सही आवश्यक असते. त्यापेक्षा पुरवणी मृत्युपत्र किंवा संपूर्ण नवे मृत्युपत्र करणे श्रेयस्कर. सही करण्यापूर्वी मसुदा मोठ्याने वाचून घ्यावा, नावे आणि मिळकतींचे वर्णन मूळ कागदपत्रांशी ताडून पाहावे आणि एकही जागा कोरी ठेवू नये. कारण ती जागा भरण्याचा अधिकार नंतर न्यायालयालाही नसतो.