अकस्मात अवघडलेली मान आणि तिचा उपचार

कापसाची वेचणी भरात आली म्हणजे सिल्लोड, कन्नड, पैठण या भागांत एक तक्रार हमखास कानी पडते, ती म्हणजे "मान धरली." रात्री माणूस धडधाकट निजतो आणि पहाटे उठावयास जातो तो मान एका बाजूस वळेनाशी झालेली असते. कोणी यास उसण भरली म्हणतात, कोणी वारा लागला म्हणतात. बैलाच्या खांद्यास सूज आली तर आपण त्याच दिवशी त्यास जुवाखालून सोडतो. स्वतःच्या मानेवर मात तसेच गाठोडे चढवितो, किंवा भिऊन आठ दिवस अंथरूण धरतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. वेचणीचे दिवस त्यात वाया जातात, म्हणून शेतीच्या पत्रिकेत या दुखण्याचा विचार करावयाचा.

मानेत सात मणके असून त्यांवर सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. मान पुढे झुकली की हा भार मागील स्नायूंना ओढून धरावा लागतो. वेचणी करणारी स्त्री दिवसभर खाली पाहते आणि सायंकाळी डोक्यावर गाठोडे घेते. फवारणी करणारा सोळा लिटरचा पंप खांद्याला अडकवून चालतो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी देणारा बांधावरच वेडेवाकडे डोके टेकून डुलकी घेतो. अशा वेळी मानेतील एखादा लहान सांधा किंवा स्नायू दुखावला म्हणजे भोवतालचे स्नायू आखडून त्या जागेस जखडून टाकतात. हे आखडणे म्हणजे शरीराने घातलेले कुंपणच होय. बहुतेक वेळी काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत, ते आपोआप सैल पडते.

हे कुंपण बळाने मोडण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. अतिवृष्टीच्या पाहणीच्या दिवसांत प्रस्तुत लेखकाची मान अशीच धरली होती. कागदांचे गाठोडे उशाला घेऊन निजण्याचे ते फळ होते. बाजाराच्या गावी एका कारागिराने हनुवटी धरून झटका दिला, कट्‌ असा आवाज झाला आणि तासभर बरेही वाटले. सायंकाळपासून मात्र पाणी पिण्यास मान वर करवेना आणि पाहणीचे चार दिवस बुडाले. हे थोडक्यात निभावले म्हणावयाचे. अशा झटक्याने मेंदूकडे रक्त नेणारी मानेतील धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकास ठाऊक आहेत. पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची चाल त्यामानाने निरुपद्रवी खरी. परंतु लाथ जोराची असेल तर तीही नको.

या दुखण्यावर शेक व हालचाल यांनी करावयाचा उपचार फिजिओथेरपी अथवा भौतिकोपचार या शास्त्राने शिकविला आहे. मुंबईत पोलिओची साथ आल्यानंतर १९५३ साली के. ई. एम. रुग्णालयात या शास्त्राची शाळा निघाली. आज छत्रपती संभाजीनगर शहरातही त्याचे शिक्षण मिळते. साध्या दुखण्यात त्यातील पुष्कळसा भाग घरी करण्याजोगा आहे.

प्रथम शेक द्यावा. जाडे मीठ तव्यावर तापवून जाड फडक्यात पुरचुंडी बांधावी, ती आधी स्वतःच्या मनगटास लावून पाहावी आणि मग पंधरा-वीस मिनिटे मानेस व खांद्यास शेकावे. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने ज्यांच्या कातडीस चटका कळत नाही, त्यांना शेक देताना विशेष जपावे. शेक झाल्यावर पाठ ताठ ठेवून बसावे, खांदे सैल सोडावेत आणि मान कमी दुखणाऱ्या बाजूस हळूहळू वळवावी, नंतर दुसऱ्या बाजूस. ताण जाणवला की थांबून परत मध्यावर यावे. अशा पाच ते दहा फेऱ्या दर एक-दोन तासांनी कराव्यात. खांदे कानांकडे उचलून सोडणे हेही चांगले. मान गोल गोल फिरवू नये. दुखणे उतरू लागले म्हणजे तळवा कपाळास लावून, मान न हलविता, पाच सेकंद हलकेच दाब द्यावा व डोक्याने तो तोलून धरावा. पुढे हेच दोन्ही बाजूंनी करावे. गळपट्टा बांधून दिवसेंदिवस राहिल्यास स्नायू दुबळे होतात. निजताना पालथे न झोपता मानेखाली गोधडीची एक घडी घ्यावी. वेदनाशामक गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून विचारून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मात्र एक भेद अवश्य ध्यानी ठेवावा. मानेबरोबर ताप, तीव्र डोकेदुखी व वांती असून हनुवटी छातीस लागत नसेल, तर तो मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो. जबडा उघडेनासा झाला असेल तर मागील तीन आठवड्यांत काटा, खुरपे वा पत्रा लागला होता काय, हे विचारावे. माती व शेणातील जंतूंपासून धनुर्वात याच रीतीने सुरू होतो. झाडावरून वा ट्रॅक्टरवरून पडल्यानंतरची मानदुखी, हातातील बधिरता किंवा दुर्बलता, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, तसेच छातीत आवळून घाम येणे व कळ मानेकडे चढणे, या प्रसंगी शेक देत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पडलेल्या माणसाची मान मुळीच हलवू नये. वांती थांबविण्याचे औषध घेतल्यावर मान एकाएकी वाकडी झाली असेल तर त्या औषधाचे वेष्टण डॉक्टरांस दाखवावे. तो त्या औषधाचाच परिणाम असण्याचा संभव असतो.

मान मोकळी झाल्यावर पहिल्याच दिवशी पूर्वीइतके ओझे घेऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली, आणि स्त्रियांसाठी त्याहून पुष्कळ कमी. युरियाची गोणी ४५ किलोची असते, म्हणजे आजारातून उठलेल्या माणसास तीही जडच. कापसाचे गाठोडे काही दिवस निम्मे बांधावे, डोक्यावर चुंबळ घ्यावी आणि गाठोडे चढविताना व उतरविताना दुसऱ्याचा हात घ्यावा. शेताच्या कडेपर्यंत बैलगाडी येत असेल तर डोक्यावर वाहण्याचे कारण उरत नाही.