माजघरात नाग, पडवीत बिबट्या: ऐकलेलं आणि खरं

विंचूर, लासलगाव, निफाड या पट्ट्यात जंगल म्हणावं असं फारसं काही नाही. द्राक्षबागा, कांदा, मका, सोयाबीन, गोदाकाठचा ऊस, मधून गेलेला नाशिक–छत्रपती संभाजीनगर महामार्ग आणि जवळ नांदूर मध्यमेश्वरचं पाणथळ. तरीही इथल्या घरात पावसाळ्यात नाग निघतो, माळ्यावर उदमांजर पिल्लं घालतं आणि ऊसतोडीच्या दिवसांत वस्तीवरच्या कुत्र्यामागे बिबट्या अंगणापर्यंत येतो. मग गावात एकच चर्चा: हे जनावर जंगलातून इथं आलंच कसं?

पहिला गैरसमज याच प्रश्नात आहे. यातली बहुतेक जनावरं कुठून तरी चालून आलेली नसतात, ती इथलीच असतात. कांद्याची चाळ खालून बघा. उन्हाळ कांदा निघाला की मार्च-एप्रिलात चाळ भरते आणि पुढे सहा महिने भरलेली राहते. हवा खेळती राहावी म्हणून तिचा तळ जमिनीपासून उचललेला असतो. त्या तळाखाली कोरडी, अंधारी जागा तयार होते. शेजारी मक्याची कणसं, जनावरांचा भुसा, कडब्याची गंज. तिथं उंदीर येतात, पाऊस पडला की बेडूक येतात आणि त्यांच्या मागे नाग आणि धामण येतात. बिळात पाणी शिरलं की ही सगळी मंडळी कोरडी जागा शोधत घराच्या जोत्याशी येतात. साप माणसाचा माग काढत आलेला नसतो. तो उंदराच्या वासावर आलेला असतो.

बिबट्याचंही तसंच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या शेतीभागात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 बिबटे आणि तितकेच तरस तिथं निघाले. तेही ऊस, मका आणि माणसांच्या दाट वस्तीत. बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला तेव्हा भक्ष्याच्या वजनातला सर्वांत मोठा वाटा, जवळपास 40 टक्के, गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे रात्री दारापर्यंत येणारा बिबट्या बहुधा कुत्र्यासाठी आलेला असतो. उघड्यावर टाकलेला मटणाच्या दुकानाचा आणि पोल्ट्रीचा कचरा कुत्री पोसतो आणि ती कुत्री बिबट्याला पोसतात. वस्तीभोवती बिबट्या नको असेल तर सुरुवात या उकिरड्यापासून करावी लागते.

‘वनखात्यानंच आणून सोडलेत’ हे वाक्य पारावर हमखास ऐकू येतं. त्याला थोडा इतिहास आहे, म्हणून ते नुसतं उडवून लावता येत नाही. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यातले बरेच दूरच्या जंगलात नेऊन सोडले. परिणाम उलटा झाला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 पर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, पिंजऱ्यात घाबरलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरतो आणि परतही फिरतो. 2009 मध्ये विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला होता. त्यामुळे ‘एकदा दूर नेऊन सोडा, कटकट मिटेल’ या मागणीला अनुभवाचा आधार नाही. रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

आता तो खरोखरच घरात शिरला तर? आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं पुरेशी बोलकी आहेत. मार्च 2024 मध्ये मालेगावात एका मंगल कार्यालयाच्या खोलीत बारा-तेरा वर्षांचा मुलगा दाराशी मोबाईल खेळत बसला होता. बिबट्या त्याच्या अगदी शेजारून आत गेला. पोरानं आरडाओरडा केला नाही, पळतही सुटला नाही. गुपचूप उठला, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. पुढे वनखात्यानं बिबट्याला बेशुद्ध करून नेलं, कुणालाही ओरखडा आला नाही. जानेवारी 2019 मध्ये नाशिकच्या गंगापूर रोड भागात सावरकरनगरमध्ये बिबट्या शिरला तेव्हा नेमकं उलटं घडलं. बघ्यांची गर्दी, मोबाईलवर चित्रण, गल्लीबोळांतून पळापळ. त्यात वार्ताहरांसह काही जण जखमी झाले. दोन्ही वेळा जनावर तेच होतं, फरक माणसांच्या वागण्यात होता. बिबट्याला निघायला वाट हवी असते. वाट देता येत नसेल तर बंद दार हवं. गच्चीवर चढून दगड मारणारी माणसं त्याला या दोन्हींपैकी काहीच मिळू देत नाहीत.

बेशुद्धीच्या इंजेक्शनबद्दलही एक समजूत आहे की सुई लागली की जनावर जागच्या जागी आडवं होतं. तसं होत नाही. औषध भिनायला काही मिनिटं लागतात आणि घाबरलेल्या, पळणाऱ्या जनावरात आणखी वेळ जातो. ती मिनिटं सर्वांत धोक्याची. म्हणून पथक आलं की गर्दीनं पुढं सरकायचं नसतं, मागं हटायचं असतं.

ऑगस्ट 2020 मध्ये इगतपुरी भागात बिबट्याच्या एका मादीनं रिकाम्या झोपडीत चार पिल्लांना जन्म दिला होता. उसाच्या फडात तर दर हंगामात पिल्लं सापडतात. ‘आईनं टाकून दिलेली’ म्हणून ती उचलून घरी आणणं ही मोठी चूक. आई जवळपासच असते, अंधार पडायची वाट बघत. पिल्लं सापडल्या जागीच ठेवून वनखात्याला कळवलं तर ती रात्री येऊन त्यांना घेऊन जाते, असा जुन्नर आणि नाशिक भागातला बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. अनेकदा ती पिल्लं बिबट्याची नसतातच, रानमांजराची असतात.

तरीही मला कळकळीनं लिहायचंय ते सापाबद्दल. बिबट्याची बातमी होते, सापाची होत नाही, आणि माणसं मात्र सापानं कितीतरी जास्त मरतात. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुसंख्य खेड्यांतले. यातले कितीतरी जीव गैरसमजांनी घेतले आहेत.

पान लागलं की आधी भगत, मारुतीचं देऊळ, कडुलिंबाचा पाला. ‘पाला कडू लागला, म्हणजे विष चढलं नाही’ असा निवाडा होतो आणि मोलाचा तास निघून जातो. भगताच्या हातून माणसं बरी होताना लोकांनी पाहिलेली असतात, हे खरं. पण का बरी होतात? कारण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं काहीही न करता वाचलीच असती. विष भिनलेला माणूस मंत्रानं वाचत नाही. त्याला एकच उतारा आहे: घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिसर्पविषाची लस. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची गरज नाही. त्या खटपटीत दुसऱ्यालाही दंश होतो. मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं.

चारातली सर्वांत फसवी मण्यार. ती रात्री फिरते, घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात सापडते. तिचा दंश सुईच्या टोचणीइतका. सूज नाही, रक्त नाही, कधी खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, घरचे ओवा-सोडा देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि श्वास मंदावतो. ‘सूज नाही म्हणजे विष नाही’ ही समजूत मण्यारीच्या बाबतीत प्राणघातक आहे. पावसाळ्यात खाली झोपलेल्या कुणालाही पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्या मिटणं ही जोडी दिसली, तर साप दिसो न दिसो, थेट दवाखाना गाठा.

घरात निघणारा कवड्या साप मण्यारीसारखाच दिसतो आणि तो बिनविषारी आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पांढरे पट्टे मानेजवळ नसतात किंवा अस्पष्ट असतात, मागे ठळक होतात, आणि तिच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक ओळ असते. हे सांगतोय ते कुतूहल म्हणून. टॉर्चच्या उजेडात खवले मोजायला कुणीही वाकू नये.

घोणशीबद्दलची चूक वेगळी. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, जाडजूड शरीर, सुस्त चाल, म्हणून लोक तिला अजगराचं पिल्लू समजतात आणि हातात धरतात. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर मागं व्हा, ती घोणस आहे. तिच्या विषानं रक्त गोठणं बंद होतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दवाखान्यात यासाठी साधी तपासणी असते: थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं हलवायचं नाही. ते गोठलं नाही तर विष चढलं आहे. अशा रुग्णाच्या पायाला घट्ट दोरी आवळली असेल तर विष थांबत नाही, पाय मात्र कायमचा जाऊ शकतो. ब्लेडनं चिरलं असेल तर रक्त थांबत नाही. तेव्हा चिरणं, चोखणं, आवळणं यातलं काहीही नको. अंगठी, पैंजण काढा, हातपाय हलू नये म्हणून फळी बांधा, धीर द्या आणि निघा. लहान मुलाला लस कमी द्यायची असते, हाही समजच आहे. सापानं विष मोठ्या माणसाइतकंच सोडलेलं असतं, त्यामुळे मात्राही तीच.

साप डूख धरतो, असं आजही शिकलेली माणसं सांगतात. तो चेहरा लक्षात ठेवत नाही. एक मारल्यावर आठवड्यात दुसरा निघतो, कारण उंदीर तेच असतात आणि बीळही तेच. नागाच्या अंड्यांतून पावसाळ्यात दहा-वीस पिल्लं एकदम निघतात. एकामागून एक घरात दिसली की लोकांना तो कोप वाटतो. त्यांची आई अंडी फुटेपर्यंत राखण करते, नंतर निघून जाते. पिल्लू मात्र जन्मतःच विषारी असतं. आणि दूध? साप दूध पीत नाही. नागपंचमीला तोंड लावतो तो उपाशी, तहानलेला ठेवल्यामुळे.

फिनेल, लसूण, रॉकेल, गवती चहा यांनी साप येत नाही म्हणतात, पण त्यावर विसंबू नये. दाराखालची फट बुजवणं, जोत्याची बिळं लिंपणं, सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर हलवणं, रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि बूट, हे उपयोगी पडतं. सगळ्यांत स्वस्त उपाय मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात ती वापरणाऱ्यांना सर्पदंश कमी झालेले आढळले.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. माळ्यावर रात्री धावणारं उदमांजर मढी उकरत नाही, ते फळं, उंदीर आणि किडे खातं. गव्हाणी घुबड अपशकुनी नाही, शेतकऱ्याच्या धान्याची ते रात्रभर राखण करतं. मांडुळाला दोन तोंडं नसतात आणि त्यानं धनलाभ होत नाही, तुरुंगवास मात्र होतो. घोरपडीच्या तेलानं गुडघे बरे होत नाहीत आणि तिला मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गंभीर गुन्हा आहे. आपल्याकडच्या पालीत विष नसतं. ती दुधात पडल्यावर होणारी उलटी जंतूंमुळे होते, तेव्हा ते दूध टाकूनच द्या.

घरात जनावर दिसलं तर मुलंबाळं, जित्राबं बाजूला घ्या, एकानं लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. दंश झाला असेल तर 108 ला कळवा, आणि गाडी हाताशी असेल तर वाट न बघता लासलगाव, निफाड किंवा येवल्याचं सरकारी रुग्णालय गाठा. शेतकऱ्याचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. पण ती वेळच येऊ नये. हे दोन क्रमांक आजच घराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.